ओट्याखाली काय आहे?

कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागले की पूर्व नागपुरातल्या घरोघरी वर्षभराच्या भरणीची बोलणी सुरू होतात. गहू किती घ्यायचा, तुरीची डाळ कुठल्या आडत्याकडे बरी, भिवापुरी मिरची किती आणि वायगावची हळद किती. डबे-पिपे खाली काढून धुतले जातात आणि त्या निमित्ताने स्वयंपाकघराचे कोपरे वर्षातून एकदा नीट दिसतात. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलेला असतो, कोपऱ्यातली सनमायका सुटलेली असते, खालची ट्रॉली अडत असते. मग घरात विषय निघतो की या वर्षी किचन नव्याने करून घेऊ.

बोलणं पुढे सरकतं ते दारांच्या रंगावर. कॅटलॉग उघडतो, चकचकीत ॲक्रिलिक की मॅट, दोन रंग की एक, हँडल की बिनहँडलची दारं. नव्या किचनला किती वर्षं आयुष्य मिळणार याचा निकाल मात्र दारांच्या रंगावर लागत नाही. तो लागतो ओट्याखाली, जिथे पाणी पोचतं तिथे. माझं सांगणं एवढंच आहे की हाताशी असलेला पैसा पाण्यापासूनच्या अंतरावर वाटावा. सिंकच्या तीन फुटांच्या आत सगळ्यात चांगला माल, त्यानंतर गॅसजवळ, त्यानंतर जड वस्तू ठेवायच्या जागी. वरच्या कपाटांना आणि दारांना उरलेला पैसा पुरेसा असतो.

नागपूरची हवा या बाबतीत मुंबई-पुण्याहून वेगळी आहे, आणि कॅटलॉग बहुतेक तिकडच्या घरांचे असतात. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवलाचं नाही. २०१३ च्या मेमध्ये शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवसांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की लाकडातलं उरलंसुरलं पाणीही निघून जातं. दीड-दोन महिन्यांत पाऊस लागतो आणि तेच लाकूड हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेतं. भरीस भर म्हणून उन्हाळाभर चालणारा डेझर्ट कूलर घराच्या एका भागात ओलसर हवा सोडत राहतो. लाकूड आणि लाकडापासून केलेला प्रत्येक बोर्ड वर्षातून एकदा आकसतो आणि एकदा फुगतो. साग या हेलकाव्यात सगळ्यात कमी हलतो. म्हणून जुन्या घरांतली सागाची दारं पन्नास वर्षांनंतरही चौकटीत नीट बसतात, आणि घाईत बसवलेलं नवं दार पहिल्याच श्रावणात घासायला लागतं.

सागाचं मोल आपल्याला इतरांनी सांगायची गरज नाही. आलापल्लीच्या जंगलातला साग आणि बल्लारपूरचा लाकूड डेपो विदर्भाचे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते इथूनच. कळमन्यापासून जवळच लकडगंजात आरामशिनी आणि लाकडाच्या वखारी आहेत. सगळं किचन सागाचं करणं आज फार थोड्यांना परवडेल. पण सिंकखालच्या आणि गॅसखालच्या दारांची चौकट तेवढी सागाची करून आत साधी प्लायची फळी बसवणं बऱ्याच घरांच्या आवाक्यात आहे, आणि खर्चाच्या मानाने त्याचा मोबदला मोठा आहे.

बाकीच्या कपाटांसाठी प्रश्न प्लायचा येतो, आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. दुकानात तीन नावं कानावर पडतात: एमआर, बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी. फरक लाकडात कमी आणि गोंदात जास्त असतो. एमआर म्हणजे ओलसर हवा सोसणारा. त्याचे थर युरिया फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेले असतात. त्याची चाचणी साधारण ६० अंशांच्या कोमट पाण्यात तीन तास ठेवून होते. बीडब्ल्यूआरमध्ये फिनॉलवर आधारलेला गोंद असतो आणि तो प्लाय उकळत्या पाण्यात आठ तास टिकावा लागतो. बीडब्ल्यूपी म्हणजे ज्याला दुकानदार मरीन म्हणतात तो, भारतीय मानक ७१० चा. त्याच्या नमुन्याला उकळत्या पाण्यात ७२ तास काढावे लागतात. तीन तास कोमट आणि ७२ तास उकळतं, एवढं अंतर या दोन टोकांत आहे. दिसायला तिन्ही सारखे, कापल्यावर वासही जवळपास सारखा, आणि सनमायका लागल्यावर तर काहीच ओळखू येत नाही.

म्हणून प्लाय आणताना शीटवर उमटवलेला आयएसआय शिक्का आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकला तर परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे की नाही, हे तिथल्या तिथे कळतं. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून हे करायला पाच मिनिटं लागतात. दुसरी तपासणी कापलेल्या कडेची. शीटची कड उजेडात धरून थर मोजावेत. थरांमध्ये पोकळी दिसली, एखादा थर मध्येच तुटलेला दिसला, की ती शीट परत करावी. स्क्रू नेमका त्या पोकळीत गेला तर बिजागरी कधी ना कधी उपटून येणारच.

प्लाय चांगला असूनही किचन कुजतं, ते कडांमुळे. शीटच्या दोन्ही तोंडांवर सनमायका असते, पण कापलेल्या कडेला लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं असतात आणि पाणी तिथून आत शिरतं. कडेला चिकटवलेली पट्टी एक मिलिमीटरहून पातळ असेल आणि हाताने लावलेली असेल, तर गॅसजवळच्या उष्णतेने तिचा गोंद सैल होतो. मशीनवर बसवलेली दोन मिलिमीटरची पट्टी खूप जास्त टिकते. सुतार घरी येऊन काम करणार असेल तर जिथे पट्टी लावायची नाही त्या मागच्या आणि खालच्या कडाही प्रायमर आणि तेलरंगाने बंद करून घ्याव्यात. कपाटाची मागची बाजू कुणाला दिसत नाही, म्हणून ती कोरीच सोडली जाते, आणि भिंतीतला ओलावा ती अगदी सहज पिते.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफबद्दल माझं मत कडक आहे: ओट्याखाली ते घेऊच नयेत. लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेला बोर्ड एकदा पाण्याने फुगला की वाळल्यावर मूळ मापावर येत नाही. वरच्या कपाटांच्या दारांना एमडीएफ चालतो, पण त्यावर पीव्हीसीचा पातळ पडदा ताणून बसवलेली दारं गॅसच्या आसपास नकोत. उष्णतेने तो पडदा कडेपासून सुटतो. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचे बोर्ड पाण्यात कुजत नाहीत आणि वाळवी त्यांना खात नाही, ही त्यांची खरी ताकद. पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं आणि त्यात स्क्रूची पकड प्लायएवढी नसते. सिंकखाली ते उत्तम. गॅसशेजारी किंवा तेलाचा पिपा ठेवायच्या फळीला ते घेऊ नये.

आता दगडाकडे येऊ, कारण ओट्याचा पृष्ठभाग म्हणजे किचनचं तोंड, आणि इथे नागपूरचं खाणं थेट दगडाशी भिडतं.

कळमन्यात पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात दिवाळीच्या आसपास आंबिया बहराची संत्री येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराची. या भागातल्या घरांत संत्र्याचं आणि लिंबाचं पाणी ओट्यावर सांडणं रोजचं. दोन्हींत सायट्रिक आम्ल असतं. संगमरवर, कोटा, शहाबाद आणि आपला काळा कडप्पा हे चारही दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचे. आम्ल पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो आणि तिथे एक निस्तेज ठिपका राहतो. तो डाग नसतो, ती झीज असते. त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. पुन्हा पॉलिश करावं लागतं. संगमरवर तर आम्लाशिवायही फार मऊ आहे. खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मापावर तो तीनच्या जवळ, आणि ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ सातवर.

म्हणून ओट्याला ग्रॅनाइट. पण दुकानात ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा प्रत्येक काळा दगड भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतो. गडद काळे दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचे असतात, शिलारस जमिनीखाली हळूहळू थंड होऊन तयार झालेले. ओट्यासाठी तेही तितकेच चांगले, किंबहुना कमी सच्छिद्र. अडचण येते ती रंगवलेल्या दगडाची. करड्या दगडाला काळा रंग पाजून जेट ब्लॅक म्हणून विकतात, आणि दोन वर्षांत लिंबू व साबणाने त्याचे पट्टे पडतात. खरेदीआधी तुकडा मागून घ्यावा. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवलेला पांढरा बोळा त्यावर जोरात घासावा. बोळा काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. मग त्याच तुकड्यावर एका जागी लिंबाचे चार थेंब आणि दुसरीकडे गोडेतेलाचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबावं. लिंबाखाली चमक गेली तर त्यात चुनखडी आहे. तेलाखालचा भाग गडद झाला तर दगड तेल पितो आहे. त्याला सीलर लावावा लागेल आणि दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागेल. सावजी रस्सा ज्या घरात होतो, तिथे तर्रीचा एक ओघळ रात्रभर राहिला तरी सच्छिद्र दगड तो लक्षात ठेवतो.

कारखान्यात केलेला क्वार्ट्झचा दगड सध्या फार विकला जातो. त्यात साधारण ९० टक्के दळलेलं क्वार्ट्झ आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन असतं. तो सीलरशिवाय डाग सहन करतो हे खरं. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. दीडशे अंशांच्या पुढे ते पिवळं पडतं किंवा तडकतं, आणि वडे तळून उतरवलेली कढई त्याहून गरम असते. आपल्याकडे कढई उतरवून थेट ओट्यावर ठेवण्याची सवय पिढ्यांची आहे. नव्या दगडासाठी ती सवय मोडेल या भरवशावर पैसे घालू नयेत.

क्वार्ट्झबाबत दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे ओटे बनवणं, विकणं आणि बसवणं बंद केलं. कारण तो कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि हा आजार बरा होत नाही. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी इतकंच. आपल्याकडे मिस्त्री घरातच कटर चालवतो, पांढरा धुरळा खोलीभर होतो आणि त्याच्या तोंडावर फार तर रुमाल असतो. सिंकचं आणि गॅसचं भोक दुकानातच, पाण्याखाली कापून घ्यावं. घरी कापणं अटळ असेल तर कटरवर सतत पाणी सोडायला लावावं आणि मिस्त्री व त्याच्या मदतनिसासाठी चांगले मास्क आपण आणून द्यावेत. तो खर्च संपूर्ण कामाच्या मानाने काहीच नाही.

कडप्पा आम्लाला टिकत नाही म्हटलं, पण ओट्याखाली त्याच्याइतका विश्वासू दगड दुसरा नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. जुन्या नागपुरी घरांत ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या पाट्या आणि मध्ये एक-दोन आडव्या पाट्या असत. त्या कुजत नाहीत, वाळवीला त्यात खायला काही नाही, धुतल्या की स्वच्छ. मॉड्युलर किचनच्या ओढीने लोकांनी हे सगळं फोडून टाकलं आणि त्या जागी प्लायची खोकी बसवली, जी पाण्याने जातात. जुना ओटा मजबूत असेल तर तो फोडू नका. कडप्प्याचा सांगाडा तसाच ठेवा, वरची पाटी ग्रॅनाइटची करा, आत स्टीलच्या ट्रॉल्या बसवा आणि पुढे फक्त दारांच्या चौकटी लावा. बाहेरून किचन नवं दिसेल, आतून ते दगडाचंच राहील. नवीन घर बांधतानाही हीच रचना मी सुचवीन. फर्निचरवाला नाही म्हणेल, कारण त्यात प्लाय कमी लागतो आणि मापं जागेवर घ्यावी लागतात. पण चांगला मिस्त्री आणि चांगला सुतार एकत्र बसले तर हे काम अवघड नाही.

पाणी ओट्याखाली नेमकं कसं पोचतं? सिंकजवळ उभं राहून भांडी घासली की पाणी ओट्याच्या पुढच्या कडेवर येतं. कड गोल मोल्डिंग केलेली असेल तर पाणी गोलाईवरून खाली उतरतं, दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून आत सरकतं आणि दाराच्या वरच्या कडेवर टपकतं. ती कड बहुतेक वेळा कोरी असते. दोन पावसाळ्यांत दाराचा वरचा कोपरा फुगतो. यावरचा उपाय फार स्वस्त आहे. ओट्याची पाटी दारांपुढे इंचभर बाहेर काढावी आणि तिच्या खालच्या बाजूला, कडेपासून अर्धा इंच आत, कटरने एक बारीक सरळ खाच पाडून घ्यावी. आत सरकणारं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. खिडकीच्या सज्जाखाली गवंडी हीच खाच ठेवतात. ओट्याला ती मागितल्याशिवाय कुणी करून देत नाही. सोबत ओट्याला सिंककडे चार फुटांत अर्धा इंच इतका उतार द्यायला सांगावं. डोळ्याला तो दिसत नाही, पाण्याला कळतो.

सिंक घेताना स्टीलचा दर्जा विचारावा. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ आणि खारं पाणी लागून राहिलं की त्यावर बारीक खड्डे पडतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात की बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४. या चाचणीचा उपयोग नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. पक्क्या बिलावर दर्जा लिहून घेणं आणि सिंकवर कोरलेला आकडा पाहणं हेच खरं. ट्रॉल्यांच्या तारांनाही हाच नियम, कारण ओली भांडी तिथेच जातात. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत ते जड असतं; नळाच्या तोंडावर आणि सिंकच्या कडेला पांढरा थर बसतो. त्यासाठी खरबरीत घासणी वापरू नये. थोड्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा स्टीलवर दहा मिनिटं ठेवला की थर सुटतो. कपडा दगडावर मात्र जाऊ देऊ नये.

सिंकखालच्या जागेत फळी, ट्रॉली, मागची भिंत असं काहीच लावू नये असं मी म्हणतो. तळ टाइल्सचा, मागे पाइप मोकळे दिसणारे, आणि प्रत्येक नळाला आपला स्वतंत्र कॉक. गळती पहिल्या दिवशी दिसली तर वॉशर बदलून भागतं. ती कपाटाच्या मागे दडून राहिली की दार, पट्टी, भिंतीचं प्लास्टर असं एकेक जात राहतं.

साहित्य जागेनुसार निवडायचं ही कल्पना जुनी आहे. १९२६ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. साधारण सहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे कळमना-पारडीकडच्या प्लॉटवरच्या घरांतल्या किचनएवढंच. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजचं मॉड्युलर किचन त्याच आखणीचा वंशज आहे. त्यात पिठाचे डबे ओक लाकडाचे होते, कारण ओकमुळे पिठात कीड लागत नाही असा अनुभव होता; कापायची फळी बीचची, कारण तिच्यावर डाग धरत नाहीत; आणि डाळ-तांदूळ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे ओतायचे डबे. मूळ आखणीत प्रत्येक वस्तूमागे कारण होतं. पुढे दुकानांनी एकाच बोर्डाची एकसारखी खोकी सगळीकडे लावायला सुरुवात केली आणि ही जागेनुसार निवड हरवली.

त्या आखणीतला दुसरा धडा मापांचा. ओट्याची उंची घरातली जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिच्या कोपरावरून ठरवावी. हात सरळ सोडून कोपर दुमडला की जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजावं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. पाच फूट उंचीच्या बाईंसाठी हा आकडा ३२ ते ३४ इंच येतो. ३६ इंचांचा ओटा कॅटलॉगमध्ये शोभतो, पण त्यावर कणीक तिंबताना खांदे वर येतात आणि वर्षभरात मान दुखायला लागते. घरात सून आणि सासूबाई दोघी काम करतात आणि उंचीत फरक आहे, अशा वेळी ओट्याचा शेवटचा अडीच फुटांचा भाग तीन इंच खाली घ्यावा. कणीक, लाटणं, पाटवड्या थापणं तिथे होतं.

वर्षाच्या भरणीचं वजन हा आपल्याकडचा खास मुद्दा. बाहेरची किचनं आठवड्याच्या सामानासाठी आखलेली असतात. इथे गव्हाचे कट्टे, तांदळाचा कट्टा, तेलाचा १५ किलोचा पिपा, मिरची-हळदीच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे असतात. बहुतेक टेलिस्कोपिक चॅनेल ३५ ते ४५ किलोंपर्यंत वजन घेतात, आणि ते भार समान पसरलेला असेल तर. १८ मिलिमीटरच्या प्लायची तीन फूट रुंद फळी मधोमध टेका नसेल तर अशा ओझ्याखाली वर्षभरात वाकते. कट्टे आणि पिपे ट्रॉलीत नकोत. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात जमिनीपासून चार इंच वर कडप्प्याची पाटी आणि पुढे जाळीचं दार. जाळी हवीच, कारण बंद कपाटात पावसाळ्यात धान्याला हवा लागत नाही आणि कडुनिंबाचा पाला घालूनही पोरकिडे होतात. लॉफ्टवर हलक्या वस्तूच जाव्यात: सणावाराची पातेली, कूलरची कव्हरं.

भिंतीच्या टाइल्सबद्दल थोडक्यात. गॅसमागे चकचकीत, सपाट आणि मोठ्या आकाराच्या, म्हणजे सांधे कमी येतात. जमिनीला व्हिट्रिफाइड, कारण ती अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. पण मॅट पृष्ठभागाची, नाहीतर तेलाच्या थेंबावर पाय घसरतो. सगळं लक्ष सांध्यांकडे द्यावं. सिमेंटचा पांढरा सांधा हळद पितो, आणि साबण लागला की तोच डाग लाल होतो, कारण हळदीतलं रंगद्रव्य क्षारात रंग बदलतं. उन्हात ते फिकं पडतं. साडीवरचा डाग वाळत घातल्यावर म्हणूनच कमी होतो. गॅसमागच्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही. तिथे इपॉक्सीचा सांधा घ्यावा आणि रंग करडा निवडावा.

धूर बाहेर जायला वाट लागते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या काळात बिनधुराच्या मगन चुलीवर काम झालं, तेव्हा मुद्दा हाच होता की धूर बाईच्या तोंडासमोरून जायच्या आधीच नळीतून बाहेर निघावा. आजची चिमणी त्याच तत्त्वावर चालते. चिमणीचा पाइप जितका आखूड आणि सरळ, तितका ओढा जास्त. प्रत्येक वळणावर तो कमी होतो. म्हणून गॅस बाहेरच्या भिंतीजवळ असावा. धूर गाळून पुन्हा घरातच सोडणारी चिमणी फोडणीच्या तेलकट वाफेला पुरत नाही. पाइपाचं तोंड पश्चिमेला असेल तर मे महिन्यात गरम लू आणि धूळ उलटी आत येते. तोंडाला आपोआप मिटणारी झडप बसवावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर दाराला तळाशी जाळी हवी, वरची जाळी पुरत नाही. आणि सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, नव्या किचनमध्ये जुनीच नळी जोडून ठेवायची नाही.

फरशी उखडलेली असते तेव्हा वाळवीचं औषध जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी घालून घ्यावं. नंतर तेच काम करायला टाइल्सना भोकं पाडावी लागतात. जिथे घर काळ्या मातीवर उभं आहे तिथे आणखी एक काळजी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घर किंचित हलतं, आणि ओटा व भिंतीच्या मधला सिमेंटचा सांधा तडकतो. त्या फटीतून पाणी थेट कपाटाच्या मागे जातं. तो एक सांधा सिमेंटऐवजी बुरशीरोधक सिलिकॉनने भरावा. सिलिकॉन ताणतं, तडकत नाही. चार-पाच वर्षांनी काळं पडलं की ब्लेडने काढून पुन्हा भरता येतं.

विजेच्या बाबतीत इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि गीझर यांना वेगवेगळ्या लाइन, १६ अँपिअरचे सॉकेट, आणि किचनच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक पाइप आणि वायरचा फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर तो फोटो कामी येतो.

काम कधी काढावं? मिरची-गव्हाच्या दिवसांत घर भरलेलं असतं आणि पावसाळ्यात प्लाय व भिंती दोन्ही ओल्या असतात. ओला प्लाय सनमायकाखाली बंद झाला की पुढच्या उन्हाळ्यात वाकतो. नागपुरात दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला. लकडगंजातून आलेला माल आठ-दहा दिवस त्याच खोलीत, आडवा, खाली लाकडी पट्ट्या घालून ठेवावा, म्हणजे तो त्या हवेला रुळतो. ओटा बसला, सिंक जोडलं, सिलिकॉन सुकलं की दारं लावण्याआधी सिंकच्या तोंडाला बूच लावून ते काठोकाठ भरावं आणि रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी खालच्या पाइपांवरून कोरडा कागद फिरवावा, मग बूच काढून सगळं पाणी एकदम सोडावं आणि पुन्हा कागद फिरवावा. कागद दोन्ही वेळा कोरडा निघाला, तरच सुताराला दारं लावायला सांगावं आणि मिस्त्रीचे शेवटचे पैसे द्यावेत.